बिऱ्हाडासकट गावात राहिलेले गुरुजी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर निधनवार्ता या सदरात तीन ओळी आल्या होत्या. पाटण येथील सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ९४, वृद्धापकाळाने निधन, पश्चात एक मुलगा, तीन मुली, सून, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार. बातमी बरोबरच आहे, तक्रार काहीच नाही. पण ज्या माणसाच्या हाताखालून कोयनेच्या खोऱ्यातल्या दोन पिढ्या लिहायला वाचायला शिकल्या त्यांच्याबद्दल आणखी थोडं कुणीतरी लिहायला पाहिजे असं वाटलं, आणि मी त्यांची विद्यार्थिनी असल्यामुळं मीच लिहिते. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलं तर ते म्हणाले नाव नको. पाटण तालुक्यात नुसतं गुरुजी म्हटलं तरी जुन्या लोकांना कळेल.

वय ९४ हे शाळेच्या दाखल्यावरचं. जन्मतारीख १ जून, म्हणजे त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्याच पोरांची घातली तीच. खरं वय एखादं वर्ष जास्तच असेल. त्यांचं मूळ गाव आता कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली आहे. धरणाचं काम सुरू झाल्यावर गाव उठलं, भावकी कुठं कुठं पांगली, आणि तोपर्यंत गुरुजी सातवी म्हणजे तेव्हाची व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मास्तर झाले होते, तेव्हा जिल्हा परिषद पण नव्हती, स्कूल बोर्ड होतं, राज्य मुंबई होतं. पुढं साताऱ्याला दोन वर्षं ट्रेनिंग करून आले आणि १९८९ च्या ३१ मे ला रिटायर होईपर्यंत सगळी नोकरी याच तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर केली. बऱ्याच ठिकाणी एकशिक्षकी शाळा, एका खोलीत चार वर्ग, पहिलीला पाटीवर काहीतरी गिरवायला लावायचं तोपर्यंत तिसरीचे पाढे आणि चौथीचं शुद्धलेखन. खडू-फळा मोहीम आली आणि दुसरा मास्तर द्यायचं ठरलं ते १९८७ नंतर, तेव्हा यांची दोनच वर्षं राहिली होती.

आता मला जे सांगायचंय ते हे की आपल्याकडं चांगला शिक्षक म्हटलं की ठराविक कौतुक होतं, घरादाराकडं बघितलं नाही, संसाराकडं पाठ फिरवली, सगळं आयुष्य शाळेला वाहिलं वगैरे. ५ सप्टेंबरला अशी भाषणं मी दरवर्षी ऐकते. गुरुजींचं आयुष्य बरोबर उलटं होतं. त्यांनी कधी घराकडं पाठ केली नाही. जिथं बदली झाली तिथं बायकापोरांसकट बिऱ्हाड घेऊन गेले. बैलगाडीत ट्रंक, पाट्यावरवंट्यापासून सगळा संसार, वर मुली बसलेल्या. जिथं गाडी जात नव्हती तिथं गावकऱ्यांनी डोक्यावरून सामान नेलं. खोली मिळेल तशी, कधी देवळाच्या बाजूची, कधी कुणाच्या गोठ्याच्या वरच्या माळ्यावर. पावसाळ्यात आमच्याकडं काय पाऊस असतो ते इकडच्या वाचकांना सांगायला नको, महिना महिना ऊन दिसत नाही, ओढ्याला पाणी आलं की गाव तुटलं. त्यात ही माणसं राहिली. आणि माझं ठाम मत आहे की ते एवढे चांगले मास्तर झाले ते त्यांनी घर सोबत ठेवलं म्हणूनच झाले.

कसं ते सांगते. त्यांच्या तिन्ही मुली आणि मुलगा त्यांच्याच शाळेत, त्याच जमिनीवर बसून शिकले. जो मास्तर स्वतःची पोरं त्या वर्गात बसवतो तो वर्ग रिकामा सोडून तालुक्याला कशाला जाईल. दुसरं म्हणजे काकू, गुरुजींच्या पत्नी. काकू गावात आल्या की महिन्याभरात बायका पाणवठ्यावर ओळखीच्या व्हायच्या, आणि ज्या आया मुलींना शाळेत पाठवायला तयार नसायच्या, मास्तर बाप्या, एकटा, पोरीला कसं धाडायचं असं ज्यांना वाटायचं, त्या म्हणायच्या काकू हायती तितं, जाऊ दे पोरीला. मधल्या सुट्टीत मुली काकूंच्या चुलीपाशी बसायच्या. मुलींना काही अडचण आली तर काकूंना सांगता यायचं. शाळेत मुतारी नव्हती तेव्हा काकूंच्या खोलीमागची न्हाणी मुलींसाठी होती, या गोष्टीला केवढं महत्त्व आहे ते बायकांनाच कळेल. माझ्या गावात चौथीच्या पुढं गेलेल्या पहिल्या मुली या काळातल्या आहेत.

काकूंना लग्न झालं तेव्हा सही पण येत नव्हती. गुरुजींनी त्यांना रात्री कंदिलाशी बसवून शिकवलं, स्वतःच्या मुलीची अंकलिपी घेऊन, म्हणजे मायलेकी एकाच पुस्तकावर शिकल्या. हे मला त्यांच्या मोठ्या मुलीनं सांगितलं, आता ती पण सत्तरीला आली.

हिशेब म्हणजे गुरुजींचा जीव की प्राण. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळे अपूर्णांकांचे पाढे त्यांना तोंडपाठ होते आणि १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा हे पाठांतर एका दिवसात मागं पडलं. चौसष्ट पैशांचा रुपया गेला आणि शंभर नव्या पैशांचा आला, सोळा आण्यांनी भागायचं तर एक आणा सव्वासहा पैसे येतो, आणि पाव पैसा कुणी देणार कसा. म्हणून सरकारी कोष्टकात एक आण्याला ६ नवे पैसे, दोन आण्याला १२, तीन आण्याला १९ आणि चार आण्याला २५ असं होतं. गुरुजींनी हे कोष्टक शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गेरूनं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि बाजाराला जाणाऱ्या बायांना थांबवून सांगायचे, तीन आण्याचं मीठमिरची एकदम घेतलीस तर १९ जातील, दोन आण्याचं आणि एक आण्याचं वेगळं घे, १८ च जातील. एक पैसा तो काय, पण तेव्हा तो पैसा होता, आणि ज्या बाया कधी शाळेत गेल्या नाहीत त्या असं करून हिशेब शिकल्या. पुढं शेर पायली जाऊन किलो आला तेव्हा पण हेच, नवीन मापं भिंतीवर. आमच्या आजीला गुरुजी म्हटलं की ती भिंतच आठवायची.

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. गुरुजी तेव्हा कोयनानगरपासून फार लांब नव्हते. धाकटी मुलगी तान्ही होती. काकू तिला घेऊन आधी बाहेर पडल्या, गुरुजींनी बाकीच्यांना ओढून काढलं आणि मागं खोलीची भिंत बसली. घरची सगळी माणसं मोजून, काकूंना खळ्यावर गोधडीत बसवून मग ते गावात निघाले. उजाडल्यावर त्यांनी काय केलं तर शाळेची पोरं मोकळ्या रानात बोलावली आणि हजेरी घेतली. हजेरीपट ढिगाऱ्याखाली होता. यांनी चारी वर्गांची नावं तोंडी म्हटली, पटावरच्या क्रमानं, आणि पोरं थंडीत कुडकुडत हजर हजर म्हणत गेली. एक मुलगी नव्हती, तिच्या डोक्याला लागलं होतं म्हणून तिला कराडला नेलं होतं, ती नंतर बरी होऊन आली. त्या वर्गातल्या एका आजोबांनी मला हे सांगितलंय, ते म्हणाले आम्हाला तेव्हा काय कळत नव्हतं पण आपलं नाव घेतलं आणि आपण हजर म्हणालो की भीती कमी झाली. नंतर बरेच दिवस शाळा झाडाखाली भरली, मग पत्र्याच्या खोल्या आल्या, उन्हात तापायच्या आणि पावसात आवाजानं काही ऐकू यायचं नाही.

मास्तरांना शिकवण्याशिवाय किती कामं असतात हे आता सगळे बोलतात पण तेव्हा पण कमी नव्हती. खानेसुमारी, मतदान, सगळं मास्तरच. आणीबाणीत नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट मास्तरांना आलं होतं. गुरुजी १९७६ साली कुणालाही न्यायला गेले नाहीत, स्वतः जाऊन ऑपरेशन करून आले, आणि ऑफिसात सांगितलं ही माझी केस. बायकोला चार बाळंतपणं झाली आता तिला त्रास नको असं ते उघड म्हणायचे. तेव्हा एवढं उघड बोलणारा पुरुष आमच्याकडं शोधून सापडला नसता, आजही किती सापडतील सांगता येत नाही.

त्यांना विस्तार अधिकारी व्हायची संधी आली होती. साहेब व्हायचं, दौरे करायचे. ते नको म्हणाले. दौऱ्यावर गेलो तर घरी कोण, आणि माझी शाळा कोण बघणार, एवढंच कारण. लोकांनी वेड्यात काढलं, पगार वाढला असता, मुलींची लग्नं व्हायची होती. मुलींचं त्यांनी आधी शिक्षण केलं. मोठीला कराडला ठेवून डीएड केलं, ती शिक्षिका झाली, मधली नर्स झाली. धाकटीला अकरावीला सायन्स पाहिजे होतं तर तिला पण कराडला ठेवली, आणि तिचा डबा रोज पहाटेच्या एसटीनं जायचा, कंडक्टर ओळखीचे झालेले. डब्यासाठी पीठ मळून द्यायचे गुरुजी. शाळेत वाघासारखा मास्तर आणि घरी पीठ मळतो हे आम्हा पोरांना विचित्र वाटायचं, पण आम्ही रोज बघत होतो, आणि बघून बघून मग ते विचित्र वाटायचं बंद झालं. माझा सख्खा भाऊ आज घरी भाकरी थापतो त्याचं मूळ तिथं आहे असं मी समजते.

माझी त्यांची गाठ पडली ती १९८२ साली. आमच्या तालुक्यातला बाप्या माणूस म्हणजे मुंबईला, गिरणीत नाहीतर माथाडीत. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील पण आमच्याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. माझे वडील परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, महिने जात राहिले, संप मिटेना, चाळीतल्या खोलीचं भाडं थकलं आणि पावसाच्या तोंडावर आई आम्हाला घेऊन गावी आली. मी तिसरीत. मुंबईच्या शाळेचा दाखला आणलेला नव्हता, आणायला परत जायचं तर गाडीभाड्याला पैसे नव्हते. आमच्यासारखी त्या वर्षी गावात बरीच पोरं आली होती. नियम म्हणजे दाखला नाही तर नाव पटावर घेता येत नाही. गुरुजी म्हणाले, नाव पटावर नंतर येईल, पोर वर्गात आधी येऊ दे. आणि प्रत्येकाच्या मुंबईच्या शाळेला त्यांनी स्वतः पोस्टानं पत्र टाकलं, तिकिटं स्वतःची, आणि एकेक करून दाखले आले, माझा दिवाळीनंतर आला. मधल्या काळात कुणी दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा अधिकारी किंवा साहेब आला असता तर त्यांना जड गेलं असतं, ते त्यांना माहीत होतं. मुंबईची पोरं म्हणून गावची पोरं आम्हाला चिडवायची, तर गुरुजींनी आम्हाला कामाला लावलं, तुम्ही यांना समुद्र सांगा, लोकल सांगा, गिरणीचा भोंगा कसा वाजतो ते सांगा. मी फळ्यापुढं उभी राहून लोकलची सगळी स्टेशनं म्हटली होती, चर्चगेटपासून. दुपारी काकू आम्हा मुंबईच्या पोरांना भाकरी आणि काहीतरी कोरड्यास द्यायच्या, कुणाला कळू न देता. आमच्या घरी तेव्हा काय शिजत होतं ते त्यांना न सांगता कळत होतं. वडिलांची गिरणी परत सुरू झाली नाही. मी पुढं शिकले, नोकरीला लागले, त्याची सुरुवात त्या वर्षात आहे. ते वर्ष वाया गेलं असतं तर मी शाळेत परत गेले असते का, मला नाही वाटत.

रिटायर झाल्यावर त्यांनी पाटणला दोन खोल्यांचं घर बांधलं. मुलगा पुण्याला कंपनीत, तो बोलवायचा, पण हे गेले नाहीत. नंतर काकूंना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा अर्धवट गेली. त्यानंतर काकू बरीच वर्षं होत्या आणि ती सगळी वर्षं गुरुजींनी त्यांचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं, अंघोळ, भरवणं, कूस बदलणं. मुली म्हणायच्या बाई ठेवू, ते म्हणायचे कामाला बाई ठेवा, हिचं मी करीन. मी कधी संध्याकाळी गेले तर हमखास दिसायचं, काकू खुर्चीत बसलेल्या आणि गुरुजी मागं उभे राहून वेणी घालतायत. पहिल्यांदा जमत नव्हती, तीन पदरांची गाठच व्हायची, मग नातीकडून शिकून घेतली, आधी खोबरेल बोटांनी मुळाशी लावायचं, मग गुंता शेवटाकडून सोडवत वर यायचं, म्हणजे ओढ बसत नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, हाताला थोडा कंप, पण भांग सरळ. शेवटी लाल रिबीन. काकूंना लाल आवडायची.

आणि रोज सकाळी तुमचा पेपर ते काकूंना मोठ्यानं वाचून दाखवायचे. पहिलं पान, मग निधनवार्ता, मग वाचकांची पत्रं. पत्रांवर दोघांची चर्चा व्हायची, म्हणजे गुरुजी बोलायचे आणि काकू मान हलवून हो नाही सांगायच्या. म्हणूनच हे तुम्हालाच लिहावंसं वाटलं.

काकू गेल्यावर वाटलं होतं आता गुरुजी खचतील. खचले नाहीत. पतवंडांना पावकी निमकी शिकवायला लागले, पोरं मजेनं म्हणायची. २०२३ साली सगळीकडं कुणबी नोंदी शोधायची धावपळ झाली, जुनी शाळेची रजिस्टरं बाहेर निघाली, त्यातल्या काही नोंदी मोडीत, आणि मोडी वाचणारं माणूस मिळेना. गुरुजी लहानपणी शाळेत मोडी शिकलेले. लोक मोबाईलवर फोटो काढून आणायचे, गुरुजी भिंग लावून वाचायचे आणि कागदावर देवनागरीत उतरवून द्यायचे. नव्वदी ओलांडलेला माणूस. कुणी पैसे पुढं केले तर म्हणायचे चहा घेऊन जा. कधीकधी वाचता वाचता थांबायचे, हा तर माझ्याच वर्गातल्या अमक्याचा आजा, म्हणून सगळा गोतावळा सांगायचे.

आता हे सगळं आज का, तर माझी पुतणी शिक्षिका आहे. तिची नेमणूक एका जिल्ह्यात, नवरा पण शिक्षक, त्याची दुसऱ्या जिल्ह्यात. लहान मूल आजीकडं तिसऱ्याच गावात. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज, पती-पत्नी एकत्रीकरण, पोर्टल, सगळं करून झालं, वर्षं चाललीत. ती शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडते आणि रविवारी रात्री परत. मी तिला आळशी कशी म्हणू, ती जीव तोडून शिकवते, पण तिचा अर्धा जीव दुसरीकडं आहे. लोक म्हणतात मास्तर गावात राहत नाहीत, अपडाऊन करतात, मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणा नाहीतर घरभाडं बंद करा. गावानं रागावणं मला समजतं. पण राहायचं म्हणजे माणसानं एकट्यानं कॉट टाकून राहायचं का? गुरुजी राहिले कारण त्यांचं घर त्यांच्याबरोबर राहू शकलं. आज नवरा बायको दोघं नोकरीला असतात, म्हणजे दोघांना जवळ आणल्याशिवाय हे होणार नाही. ठरावानं माणूस गावात राहत नाही हो, बायकापोरं असली की राहतो. आणि ज्या वाड्यांवर भाड्यानं खोलीच मिळत नाही तिथं दोन खोल्यांचं शिक्षक निवास बांधून द्या, चालू पाणी आणि संडास असलेलं, बाकी काही नको. पट वीसच्या खाली गेला म्हणून शाळा बंद करून समूह शाळा करायची चर्चा अधूनमधून येते, तर आधी एक शिक्षक जोडपं त्या गावात पाच वर्षं राहू द्या आणि मग पट मोजा. माझ्या गावच्या शाळेचा पट आता दहाच्या आत आलाय. ज्यांना जमतं ते पोरांना घेऊन पाटणला नाहीतर कराडला खोली करून राहतात, म्हणजे पूर्वी मास्तर बिऱ्हाड घेऊन गावात यायचा आणि आता गाव बिऱ्हाड घेऊन शाळेमागं जातंय.

आदर्श शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला नाही. त्याचा प्रस्ताव शिक्षकानं स्वतः करायचा असतो, फोटो, कात्रणं, दाखले लावून फाईल द्यायची असते. त्यांनी ती कधी केली नाही. मला तो नियम पटत नाही, चांगल्या मास्तराचा प्रस्ताव त्याच्या विद्यार्थ्यांनी करायला पाहिजे, पालकांनी करायला पाहिजे.

मुलांनी उत्तरकार्याला जेवणावळ न घालता त्या पैशात गुरुजींच्या पहिल्या शाळेला पुस्तकांचं कपाट आणि पुस्तकं द्यायचं ठरवलंय. त्या शाळेतले किंवा नंतरच्या कुठल्याही शाळेतले जुने विद्यार्थी हे वाचत असतील, मुंबईला, नवी मुंबईला माथाडीत असतील, तर त्यांनी आपल्या आठवणी लिहून आपल्या पेपरकडं पाठवाव्यात, आपण छापल्या तर बरं होईल. गुरुजींच्याच नाही, ज्याच्या त्याच्या मास्तरांच्या पाठवा. ऐंशी नव्वदीचे मास्तर अजून प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत, त्यांच्याकडं बसून लिहून घ्या, ते आहेत तोवर.

पत्र लांबलंय. जागा नसेल तर माझ्या तिसरीचं काढून टाकलं तरी चालेल, पण पती-पत्नी एकत्रीकरण आणि शिक्षक निवास याबद्दलचं कापू नये ही विनंती, बदल्यांचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या वाचनात ते आलं पाहिजे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
गुरुजींची एक विद्यार्थिनी,
पाटण, जि. सातारा